सतरा वेळा ‘नाही’

लष्करानं रॉस्को टिलमनला घरी पाठवलं तेव्हा त्याच्या कागदावर ‘सन्मानाविना सेवामुक्त’ असा शेरा होता. बराकीतले झाडून सगळे त्याला म्हणाले, “काळजी कशाला करतोस? सहा महिन्यांनी तो आपोआप सन्मानाचा होतो.” बराकीत ही गोष्ट प्रत्येकाला ठाऊक असते, आणि ती साफ खोटी असते. सहा महिन्यांनी काही झालं नाही, सहा वर्षांनीही नाही. पंधरा वर्षं उलटली की अर्जच करता येत नाही. तेरावं सरत आलं तेव्हा कुठे आमचा गडी उठला आणि कोर्टाच्या तळघरात मिस व्हर्नेलसमोर जाऊन बसला.

मिस व्हर्नेल म्हणजे सैनिकांच्या कागदपत्रांसाठी काउंटीनं नेमलेली बाई. वय अडुसष्ट. वीस वर्षं आरमारात स्वयंपाकीण होती, त्यामुळे कुणाही अधिकाऱ्याशी ती त्याला उरलंसुरलं वाढल्यासारखीच बोलायची.

“काय घेतलं होतंस?” तिनं पहिलाच प्रश्न विचारला.

“गोळ्या, मॅडम. दुखण्यावरच्या. खोलीतल्या पोराचं पाठीचं ऑपरेशन झालं होतं, त्याच्या.”

“चोरल्यास?”

“मागून घेतल्या. झोप यायची नाही.”

“आणि सापडलास.”

“एका सकाळी सगळ्यांना बाटली हातात देऊन लघवी तपासायला रांगेत उभं केलं. मग साहेब म्हणाले, बाजू मांडायची तर तीन महिने थांब, नाहीतर इथे सही कर आणि शुक्रवारी घरी जा.”

रॉस्कोनं सही केली होती. घर म्हटलं की हा माणूस कशावरही सही करायचा.

गोळ्यांच्या आधीची गोष्ट अशी. अफगाणिस्तानात त्याच्या गाडीखाली बॉम्ब फुटला. वर बंदुकीवर असलेला अरिओला जागच्या जागी गेला. स्टिअरिंगवर होता रॉस्को. तो उठला, कपडे झटकले आणि डॉक्टरला म्हणाला, मी ठीक आहे. तेव्हापासून त्याचं डोकं जे दुखायला लागलं ते आजतागायत. अलाबामाच्या पश्चिमेला कॅटफिश मासे पाळायची तळी आहेत, त्या तळ्यांत हवा खेळवणारी मोठी चाकं दुरुस्त करायचं त्याचं काम. तेरावं वर्ष सरताना, वसंतात, चाकाचे नट आवळता आवळता त्याला भोवळ आली आणि तो तळ्यात पडला. मालकानं कॉलर धरून काढला म्हणून वाचला, नाहीतर माशांनी लचके तोडले असते. बायको जनेल त्याला हाताला धरून सैनिकांच्या हॉस्पिटलात घेऊन गेली. खिडकीतल्या माणसानं कागद पाहिला आणि अगदी गोड आवाजात सांगितलं, आधी हा शेरा बदलून आणा. तळ्यावरच्या मजुरीत बाहेरचा मेंदूचा डॉक्टर काही परवडणारा नव्हता. म्हणजे सगळं येऊन अडलं होतं ते त्या एका शेऱ्यावर.

मिस व्हर्नेलनं अर्ज केला. वर्षभरानं फेरविचार मंडळाचं उत्तर आलं. नकार. कारणही दिलं होतं: ‘अर्जदाराने मोहिमेवरून परतताना स्वतः भरलेल्या आरोग्यपत्रकात स्फोट, डोक्याला मार, डोकेदुखी, झोप इत्यादींविषयीच्या सर्व सतरा प्रश्नांना “नाही” असे उत्तर दिले आहे.’

“अरे देवा!” मिस व्हर्नेलनं चष्मा टेबलावर टाकला. “सतराच्या सतरा? तुला कुणी सांगितलं होतं का हा शहाणपणा करायला?”

“सगळेच तसं भरतात, मॅडम.”

“सगळे म्हणजे कोण?”

मग रॉस्कोनं सांगितलं. विमानातून उतरल्यावर त्यांना कवायतीच्या हॉलमध्ये नेलं. भिंतीच्या पलीकडे बायका, आया, फुगे, हातानं रंगवलेले फलक. जनेलचा हसण्याचा आवाज त्याला भिंतीतून ऐकू येत होता. वर्षभरानं. अलीकडे टेबलावर पत्रकं. सार्जंट काउलिंग बाकावर चढून म्हणाले, “ऐका रे! एक जरी ‘हो’ लिहिलंत तर तपासणीला इथेच अडकाल, तीन दिवस की तीन आठवडे, देवाला ठाऊक. सगळे ‘नाही’, त्याला दहा मिनिटांत बायको.” आता मला सांगा, यावर कोण ‘हो’ लिहील? पुढच्या माणसानं तर वाचलंसुद्धा नाही, वरपासून खालपर्यंत ‘नाही’च्या रकान्यात खुणा ओढल्या आणि धूम ठोकली.

 मिस व्हर्नेलनं बरणीतली पेपरमिंटची गोळी तोंडात टाकली. ती गोळी तोंडात गेली की समजायचं, बाईचं डोकं चालायला लागलं.

“बाळा, तुझं एकट्याचं पत्रक म्हणजे तुझ्याविरुद्धचा पुरावा,” ती म्हणाली. “पण मंडळाकडे सुनावणी मागता येते, आणि तोवर सगळ्या तुकडीचं मिळालं तर? प्रत्येकाला आपापल्या पत्रकाची प्रत मागता येते. लाव फोन.”

“चौदा वर्षांत मी कुणाशी बोललो नाहीये.”

“मग आता भरपूर बोलायचं साठलं असेल.”

रॉस्कोला वाटलं होतं, कुणी ओळखही देणार नाही. लाजेनं तोंड लपवून बसला होता ना इतकी वर्षं! पहिला फोन डॉबिन्सला केला. तो पलीकडून ओरडलाच, “टिलमन! मेल्या, मला वाटलं तू मेलास! कागद ना? दोन पाठवतो!” दोन महिन्यांत अकरा जणांची पत्रकं आली. अकराही सारखी, सतरा वेळा ‘नाही’. डॉबिन्सचं पाहून तर मिस व्हर्नेल टेबलावर हात आपटून हसली. ‘या मोहिमेत काही दुखापत झाली का?’ नाही. आणि ती खूण बाबानं डाव्या हातानं केली होती, कारण उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरात होता, असं त्यानंच सोबत लिहिलं होतं.

राहिले सार्जंट काउलिंग. ते ओक्लाहोमात लोकांना गाडी चालवायला शिकवत होते, चर्चमध्ये मान होता. रॉस्कोनं सगळं सांगितलं. 

“म्हणजे मंडळासमोर मी सांगायचं, की मी माझ्या माणसांना खोटं लिहायला लावलं.”

“हो, सार्जंट.”

“बघतो,” एवढंच म्हणून त्यांनी फोन ठेवला.

“येतील ते,” रॉस्को म्हणाला.

“तुझा भलताच विश्वास आहे.”

“मिस व्हर्नेल, तो माणूस वर्षभर रोज सकाळी माझ्या गाडीची चाकं स्वतः तपासायचा. येतील.”

सुनावणी मार्चमध्ये सकाळी दहाला होती, व्हिडिओवरून, मिस व्हर्नेलच्याच तळघरात. रॉस्कोनं चर्चचा सूट चढवला होता. जनेलनं दोनदा टाय सरळ केला आणि भिंतीलगतच्या खुर्चीवर बसली. पडद्यावर मंडळाचे तिघे होते. मधोमध अध्यक्ष, कर्नल बाई, करडे केस घट्ट बांधलेल्या. काउलिंगचा चौकोन काळाच होता.

गोळ्या घेतल्या का, असं विचारल्यावर रॉस्को सरळ हो म्हणाला. चूक होती का? हो, मॅडम. मग कर्नल बाईंनी त्याचं पत्रक उचललं.

“मिस्टर टिलमन, त्या दिवशी तुम्ही सतरा वेळा खोटं लिहिलंत, असं तुम्हीच म्हणताय. मग आज खरं बोलताय हे कशावरून मानायचं?”

प्रश्न चोख होता.  पण रॉस्कोचा आवाज हलला नाही.

“माझ्या शब्दावरून मानूच नका, मॅडम. ते पत्रक खरं असेल तर आम्ही सगळेच खरं बोललो असणार. मिस व्हर्नेल, वाचून दाखवा ना.”

मिस व्हर्नेलनं गठ्ठा पुढे ओढला. तिचा आवाज मोठा, आणि ती तो लहान करायच्या फंदात पडली नाही. “प्रश्न चौथा. ‘मोहिमेदरम्यान कुणाला जखमी किंवा मृत झालेले पाहिलेत का?’ टिलमन, नाही. डॉबिन्स, नाही. हर्नली, नाही.” एकेक करत तिनं बारा नावं वाचली, बारा वेळा नाही. “आता मला मंडळानं सांगावं. यातल्या सहा जणांनी अरिओलाची पेटी खांद्यावर घेऊन विमानात चढवली, त्याचा फोटो तुमच्यासमोर आहे. ते सहा जण डोळे मिटून चालत होते का?”

 तेवढ्यात तो काळा चौकोन उजळला. काउलिंग. पांढरी दाढी, शिकवणीच्या गाडीतच बसलेले, आणि खांद्यामागे मागच्या काचेवरच्या पाटीची मागची बाजू दिसत होती.

“उशीर झाला, माफ करा. शिकाऊ बाईनं कुंपण पाडलं. काय विचारलंत?”

कर्नल बाईंनी नाव विचारलं. “जरा मोठ्यानं, मॅडम. आणि या बाजूनं,” म्हणत त्यांनी उजवा कान पुढे केला. “डावा त्याच स्फोटात गेला. माझ्या पत्रकात बघाल तर ऐकण्याची तक्रार, नाही.”

“या लोकांना ‘नाही’ लिहायला कुणी सांगितलं?”

 पडद्यावर काउलिंगनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

“मी. बाकावर उभं राहून, ओरडून. वाटलं, पोरांना लवकर घरी पोचवतोय. टिलमनचा डोळा तेव्हाच लाल होता, बोलताना शब्द अडकायचे. मला दिसत होतं. मी त्याला दवाखान्यात धाडायला हवं होतं, आणि मी धाडलं बायकोकडे. चार महिन्यांनी पोरगा गोळ्यांत सापडला तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. शेरा कुणाला मारायचा तर मला मारा.”

“सार्जंट, असं नका म्हणू,” रॉस्को पुटपुटला.

“गप रे तू. अजून मीच सार्जंट आहे.”

कर्नल बाईंनी पत्रकं खाली ठेवली. “हा हॉल... घरचे लोक भिंतीपलीकडे होते?”

“हो, मॅडम. आवाज ऐकू येत होते.”

“ती भिंत मला ठाऊक आहे,” त्या म्हणाल्या. मग सुनावणी संपल्याचं त्यांनी जाहीर केलं.

सहा आठवड्यांनी लिफाफा आला. रॉस्को तळ्यावर चाकाशी झटत होता. जनेल गाडी बांधावरून दामटत आली आणि लांबूनच ओरडली, “सन्मानानं! रॉस्को, सन्मानानं!” मालकानं हातातला पाना तळ्यात पाडला आणि त्याबद्दल काही बोललासुद्धा नाही. त्या संध्याकाळी घरी मासे तळले, मिस व्हर्नेलनं केक आणला, आणि फोनवरून ओक्लाहोमात सार्जंटच्या उजव्या कानात सगळे मिळून ओरडले.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटल. खिडकीत तोच माणूस, तोच गोड आवाज. या वेळी त्यानं कागद पाहिला आणि कागद लावायची एक फळी, एक पेन आणि पत्रक पुढे सरकवलं. “बसून भरा, सर.”

रॉस्को जनेलशेजारी बसला. पहिला प्रश्न: ‘तुमचे डोके वारंवार दुखते का?’ मंडळासमोर न डगमगलेला माणूस, पण पेन सरळ ‘नाही’च्या रकान्यात गेलं आणि खूण करून मोकळं झालं. हातानं त्याला विचारलंसुद्धा नाही. दुसऱ्या प्रश्नावर पेन टेकलं तेव्हा जनेलनं त्याच्या मनगटावर हात ठेवला.

“कुठे पळायचंय तुला?” ती म्हणाली. “मी काही भिंतीपलीकडे नाहीये. ही काय, इथेच आहे.”

रॉस्कोनं तिच्याकडे पाहिलं. त्याचे डोळे भरून आले, आणि त्यानं ते पुसले नाहीत. पहिली खूण त्यानं दोनदा खोडली, शेजारच्या रकान्यात ‘हो’ केलं आणि सावकाश पुढचा प्रश्न वाचायला घेतला.