ऑफिससाठी टॅलिनचा खाऊ

२००९चा जुलै. अबुधाबीत रोज कुणाची तरी नोकरी गेल्याचं कानावर यायचं. आमच्या मोहम्मद बिन झायद सिटीत कुणाच्या दारात सामानाचा ट्रक दिसला की आणखी एक घर गेलं, असं समजायचं. ह्यांची नोकरी म्हणजे आम्हा तिघांचा व्हिसा, आणि त्यात आमच्या मुलाचं, तन्मयचं, बारावीचं वर्ष. मी ह्यांना, म्हणजे दत्तप्रसादना, सारखी विचारायचे. ते म्हणायचे, इन्शाल्ला सगळं ठीक आहे, तू बॅग भर.

तन्मयला सुट्टीत पुण्याला आजीकडे धाडून आम्ही दोघं युरोपात, एस्टोनियातल्या टॅलिनला गेलो. लग्नाच्या पंचविशीचं बुकिंग, मंदीच्या आधीचं. जुन्या शहराच्या तटावरून लाल कौलं बघताना मला माझं देवरूख आठवलं. दुपारी गावाबाहेर गेलो. दलदलीवर लाकडी फळ्यांची वाट, दोन्ही बाजूंना काळं पाणी. हे मध्येच थांबले ते हलेचनात. मी म्हटलं, अहो, यल्ला, चला लवकर, अजून ऑफिसचा खाऊ घ्यायचाय.

सुट्टीहून परतलं की ऑफिसात खाऊ न्यायचा, ही आमच्या गल्फमधली रीतच. टॅलिनला बदामाची मिठाई मिळते, आपल्या बर्फीची गोरी बहीण. मी मोठ्ठा डबा उचलला. हे म्हणाले, लहान घे. मी ऐकते थोडीच! प्रल्हादला वेगळा, मोहिद्दीनच्या मुलींना वेगळा, असं ह्यांच्या हाताखालच्या माणसांची नावं घेत आणखी घेतले. ह्यांनी पिशवी धरली.

परतल्यावर हे टाय लावून, डबे घेऊन ऑफिसला गेले. मग रोजच जात होते. एका शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, भाजी ठेवायला मी गाडीची डिकी उघडली. सगळे डबे तिथेच. उन्हाने तेल सुटून पुठ्ठे चिकट झालेले. मी ह्यांना हाक मारली.

मग ह्यांनी सांगितलं. निघायच्या आदल्या दिवशीच नोकरी गेली होती. रोज कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, गाडी लावून बसायचे. मी भडकले. एवढं पोटात ठेवून माझ्याबरोबर हिंडलात? बरं, निदान डबे तरी प्रल्हादच्या घरी पोचवायचे!

"कुठल्या तोंडाने जाऊ, अनु?" ते म्हणाले. "प्रल्हादला, मोहिद्दीनला, सगळ्यांना कामावरून काढल्याचं मीच सांगितलं. सकाळी. संध्याकाळी मला बोलावलं."

प्रल्हादला वेगळा, मोहिद्दीनच्या मुलींना वेगळा. त्या दुकानातला माझाच आवाज मला ऐकू यायला लागला. मी डिकी लावली आणि पुण्याला फोन केला, तन्मयला आता तिथेच ठेवून घ्या म्हणून.