द्वारकाबाईंचं बेसिन

रामहरी आबांना मिरवायला दोन गोष्टी पुरत. एक त्यांची सून स्वरूपा, आणि दुसरं, नुकतंच आलेलं, त्यांचं बेसिन.

काटेवाडीच्या अलीकडं, रस्त्याला लागून त्यांच्या वस्तीची दूध संस्था होती. दूध घालायला येणाऱ्यांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी तिथं वर्गणीतून स्वच्छतागृह बांधायचं ठरलं. आपल्याकडं वर्गणी म्हटली की दगडावर नाव आलंच. कुणी फरशी दिली, कुणी दार, कुणी आरसा. आबांनी बेसिन दिलं. तेही साधंसुधं नव्हे, बारामतीतल्या दुकानातलं सगळ्यात मोठं. खाली चिनी मातीचा जाडजूड खांब, वर परातीएवढं भांडं, आणि खांबावर काळ्या दगडात सोनेरी अक्षरं, 'कै. द्वारकाबाई रामहरी यांच्या स्मरणार्थ'. टेम्पोत गोधडीवर निजवून आणलं ते. खुद्द द्वारकाबाईंना लग्न करून आणलं तेव्हा आबांनी एवढी काळजी घेतली नसेल.

सुनेचं कौतुक त्याहून जुनं. स्वरूपा संस्थेत दुधाचा फॅट मोजायची. अपघातात तिच्या पायातलं बळ गेलं, तर वर्षाच्या आत बाई चाकाच्या खुर्चीत बसून कामावर हजर. दिवस उगवायला यायची, दुपारी घरी जायची, आणि मधे पाण्याचा घोटसुद्धा नाही. चहा आला की कप शेजाऱ्याकडं सरकवायची. आबा भेटेल त्याला सांगत, "आमची सून ड्युटीवर चहाला शिवत न्हाय. हाईत का आता असली मानसं?" ऐकणाऱ्यानं मान डोलावली की आबांच्या अंगावर मूठभर मांस चढे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी आबांनी हट्ट धरला, सगळ्यात आधी आत आपली सून जाणार. दाराला उतार केला होता तो तिच्यासाठीच. त्यावरून खुर्ची त्यांनी स्वतः ढकलली. खुर्ची आत गेली आणि पाय ठेवायची पट्टी खणकन बेसिनच्या खांबाला लागली.

"कसं हाय?" आबांनी विचारलं.

"छान हाय, आबा," पदर सारखा करत स्वरूपा म्हणाली.

दुसरं काय म्हणणार? सासऱ्यासमोर सून संडासाचं बोलणार कशी? आबा खुशीत बाहेर आले. बाहेर मकसूदभाई उभा होता. बांधकाम त्याचंच. त्यानं सहज हाक दिली, "वैनी, दार लावून दावा की. कडी बसती का बघू."

आतून चाकं घासल्याचा आवाज आला. पुढं, मागं, परत पुढं. दार आत उघडणारं, ते खुर्चीच्या मागच्या चाकाला अडलं. खुर्ची वळवावी तर खांब आडवा.

"काय झालं गं?" आबांनी बाहेरूनच विचारलं.

स्वरूपा बोलली, तेही भिंतीकडं तोंड करून, कारण खुर्ची वळतच नव्हती.

"आबा, दार लागत न्हाय. ह्या बेसिनपाई खुर्ची फिरत न्हाय. हितं यायचं तर मला दार उघडं टाकूनच यावं लागंल. तुमी समद्यांना सांगता, सून ड्युटीवर चहा पीत न्हाय. मला चहा लई आवडतो, आबा. जायला जागा न्हाय म्हनून पीत न्हाय. हे बांधून झालं की पिईन, असं मनात धरून बसले हुते."

आबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "सासूच्या नावाचं बेसिन हाय ते!" एवढंच बोलले आणि तरातरा जाऊन लिंबाखाली बसले. ज्या गोष्टीची फुशारकी मारत गावभर फिरलो, ती सुनेची तहान होती. हे त्यांच्या घशाखाली उतरेना.

थोड्या वेळानं ते उठून आले. मकसूदभाईच्या बायकोनं, जरिनानं, स्वरूपाला बाकड्यावर बसवलं होतं. आबा रिकाम्या खुर्चीत बसले आणि उतारावरून आत गेले. वळत कसं नाही, ते त्यांना बघायचंच होतं. गुडघा खांबावर आपटला. दार ओढायला गेले तर कोपर भिंतीला सोललं. मागं यावं तर दारच आडवं.

"मकसूद!" आतून आवाज आला. "वढ मला भाईर."

बाहेर आले ते थेट सुनेसमोर उभे राहिले. "किती जागा पायजे तुला?"

स्वरूपानं बोलून नाही, करून दाखवलं. जरिनाच्या आधारानं परत खुर्चीत बसून अंगणात तिनं ती जागच्या जागी गरकन फिरवली आणि मकसूदभाईनं तिच्याभोवती चुन्याची रेघ ओढली. चांगलं पाच फुटांचं रिंगण झालं. तेवढंच रिंगण आत फरशीवर आखलं. बेसिन सगळंच्या सगळं रेघेच्या आत आलं.

मकसूदभाई छिन्नी घेऊन थांबला. "आबा, काकींचं नाव हाय वो त्यावर."

"काढ," आबा म्हणाले. "द्वारका असती तर तिनंच पयली पहार घातली असती." त्यांना रडू आलं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

उद्घाटन आठवडाभर पुढं गेलं. दार बाहेर उघडायला लागलं. कमोडशेजारी खुर्ची लावायला जागा झाली, धरायला दांडे आले. भिंतीवर एक लहानसं बेसिन बसलं, त्याखाली गुडघे मावतील अशी पोकळी ठेवून. समारंभात कर्ण्यावरून नावं वाचली गेली. फरशी अमक्यांची, आरसा तमक्यांचा. आबांच्या नावाशी येऊन वाचणारा अडखळला.

"मोकळी जागा!" आबा उठून गरजले. "द्वारकाबाईंच्या स्मरणार्थ मोकळी जागा. तसंच लिवा."

लोक हसले. आबा हसले नाहीत. स्वरूपा आत गेली, दार लागलं, कडी बसल्याचा आवाज आला. सासऱ्यानं तिथं थांबायचं नसतं म्हणून आबा दाराकडं पाठ करून फाटकापर्यंत चालत गेले, पण छाती मात्र भरून आली होती.

पुढच्या आठवड्यात इंदापूरहून एक पाहुणे संस्था बघायला आले. चहा आला. स्वरूपानं कप घेतला, फुंकर मारत निवांत संपवला आणि दुसरा मागितला. आबा पाहुण्यांकडं झुकले.

"ती आमची सून हाय बरं का. ड्युटीवर दोन-दोन कप चहा पिती!"

यात सांगण्यासारखं काय ते पाहुण्यांना कळलं नाही, तरी त्यांनी मान डोलावली. आबांच्या अंगावर मूठभर मांस चढलं.