टेम्पोच्या चाकापुढचा निळा डबा

मित्रांनो, त्या सकाळी टेम्पो लवकर निघण्यात झुंबरबाईंचा फायदा काय होता, ते आधी मांडतो. ऊसतोडीच्या फडावर जो आधी पोचतो, त्याची झोपडी पाण्याच्या टाकीजवळ. तेवढ्यासाठी म्हातारी पाथर्डीच्या फाट्यावर टेम्पोत चढून बसली होती, आणि नात भांड्यांच्या पोत्याआड दडवली होती. माझ्यापासून!

मी लसीचा जुना निळा डबा. पोटात बर्फ, मधोमध इवल्या बाटल्या. स्नेहल सिस्टरच्या खांद्यावरून वस्त्या हिंडून माझा रंग उडाला. मला बघून पोरं पळतात. आमचा मान तो एवढाच.

"आजी, निकिताची गोवराची लस राहिलीय," स्नेहल म्हणाली.

"न्हाई द्यायची! मागच्या सुईनं पोर रातभर तापली. इखारी हाय तुमची सुई."

सून चांगुणा पदर चावत पोत्याकडं बघत होती. ड्रायव्हर रंगनाथनं गाडी सुरू केली. स्नेहलनं मला उचललं आणि थेट पुढच्या चाकापुढं ठेवलं.

"ओ बाई, सरकारी डबा हाय! फुटला तर माज्या गळ्यात यील!"

"मग बंद करा गाडी."

चाक जरासं हललंच. माझ्या कडेला कट्कन तडा गेला, तेव्हा कुठं इंजिन थांबलं.

स्नेहलचा आवाज उतरला. "आजी, ताप येतो हे मागं मी सांगितलंच नाही, चुकलं. अंग रोगाशी झुंजायला शिकतं, म्हणून तापतं. या लसीनंही आठवड्याभरानं कणकण येईल. हे औषध द्या. उतरला नाही तर दवाखाना गाठा."

"मंग आदी सांगाया तोंड दुखत हुतं व्हय?"

तोवर चांगुणानं पोतं बाजूला सारून निकिताला पुढं केलं होतं.

आता मी आरोग्यकेंद्राच्या माळ्यावर धूळ खातो. उन्हाळ्यात परतलेल्या झुंबरबाई खाली बसून नव्या आयांना सांगत होत्या, "ताप यितो गं, भिऊ नका." पुढचंही त्यांच्याच तोंडून ऐकलं. टाकीजवळची जागा दुसऱ्याच टोळीतल्या एका घराला मिळाली. तापाच्या धास्तीनं त्या घरानंही लस टाळली होती, पण त्यांना समजवायला कुणी थांबलं नव्हतं. फडावर गोवर आला, आणि त्यांच्या लेकराचा एक डोळा गेला.

मित्रांनो, टोचणाऱ्यानं आधी सांगावं, घेणाऱ्यानं निःसंकोच विचारावं. झुंबरबाईंनी हंगामभर लांबून पाणी वाहिलं, निकितानं ताप सोसला, मला तडा गेला. आम्ही स्वस्तात सुटलो. न सांगितलेल्या गोष्टीची किंमत त्या लेकरानं भरली.