तलावाच्या पाण्याचा वास

मी एक पडशी. दोन तोंडांची. खांद्यावर टाकली की एक कप्पा माणसाच्या छातीवर येतो, दुसरा पाठीवर. चारचौघांना दाखवायचं ते माणसं पुढल्या कप्प्यात ठेवतात, उरलेलं मागल्यात. मला जी लाज वाटते, ती मागल्या कप्प्यातली आहे.

मला नाते गावच्या रंगूबाईने जुन्या पासोडीतून शिवलं, नवऱ्यासाठी. दर वैशाखात ती आणि महिपती आंब्यांच्या पाट्या डोक्यावर घेऊन पोलादपुरावरून घाट चढत, थेट महाबळेश्वरापर्यंत. आंबे खपले की वेण्णा तलावाच्या काठी बसून भाकरी सोडत. महिपती ओंजळभर पाणी पिऊन दर वेळी म्हणे, "दात वाजतात गो." ती दर वेळी हसे. महिपती वारला आणि मी खुंटीवर गेले.

चौतीस सालच्या उन्हाळ्यात मुलगा भागोजी मुंबईच्या गिरणीतून रजा घेऊन आला. पायात करकर वाजणारे बूट आणि तोंडात 'ऑलराइट'. रंगूबाई तापाने अंथरुणाला लागली होती. तिला कशावर वासना नव्हती. म्हणाली, "भागू, त्या तलावाचं घोटभर पाणी मिळालं तर गोड लागंल बघ."

"आणतो ना आये. पायी जाऊन आणतो. मोटारीने नाय."

हे तो शेजारच्या साळूबाईसमोर बोलला. म्हणजे संध्याकाळपर्यंत साऱ्या गावाला कळलं.

पुढल्या कप्प्यात भाकऱ्या, मागल्यात फिरकीच्या झाकणाचा तांब्या, असे आम्ही निघालो. आधी त्याला रायगड बघून जायचं सुचलं, जवळच आहे म्हणून. गंगासागर तलावाशी बसून भाकरी खाल्ली, दोघा गुराख्यांना मुंबईच्या गोष्टी सांगितल्या. उतरताना बुटांनी आपला गुण दाखवला. महाड गाठेपर्यंत तो लंगडत होता, पोलादपुराला बूट हातात आले. घाटाच्या पहिल्याच वळणावर तो दगडावर बसला आणि टाचांचे फोड बघत राहिला. साहेबांची एक मोटार धूळ उडवत वर गेली. तिच्याकडे त्याने मान वळवून पाहिलंही नाही. स्वाभिमानी माणूस.

मग मला म्हणाला, "पाणी ते पाणी. तिला काय कळतंय?"

मी या घाटाने किती वेळा गेले होते. पण पडशीला कोण विचारतो?

इतक्या लवकर घरी जाणं शोभलं नसतं. म्हणून तो बैलगाडीने महाडला परतला आणि तिथून सव गावच्या उन्हाळ्यावर गेला, गरम पाण्याच्या कुंडात पाय शेकायला. कुंडाशी बसलेल्या म्हाताऱ्याने विचारलं, "काय रं, खरूज काय?"

"नाय. बूट."

"मंग लांब बस. बूट लागतो काय ठाव नाय मला."

फोड बसेपर्यंत तो तिथेच राहिला, आणि निघताना तांब्या तिथेच भरला. सवच्या पाण्याला गंधकाचा वास असतो, हे तिथे न्हालेल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे. भागोजीलाही होतं. पण त्या वासात राहून त्याचं नाक इतकं सरावलं, की पाणी निवल्यावर त्याने हुंगून पाहिलं आणि त्याला कसलाच वास आला नाही. थोडं पाणी माझ्यात झिरपलं.

घरी बायका जमल्या होत्या. त्याने तलावाचं, वाऱ्याचं, गारठ्याचं वर्णन केलं. मग फिरकी उघडली. साळूबाईने पदर नाकाला लावला.

"रंगूबाय, वास कसला गो?"

रंगूबाईने भांडं तोंडाशी नेलं आणि क्षणभर थांबली. मग डोळे मिटून सगळं प्यायली.

"डोंगरावरच्या पाण्याला असतो वास. तू कवा गेली हायस?"

बायका गेल्या. भागोजी भिंतीकडे बघत होता. रंगूबाई हळूच म्हणाली, "पाय बरे झाले काय रं?"

त्याने पाय मांडीखाली ओढून घेतले. मलाही खुंटीवर तोंड लपवायला जागा नव्हती. दोन तोंडं असून.

पहाटे त्याने बूट माळ्यावर टाकले, मला खांद्यावर घेतलं आणि अनवाणी निघाला. या वेळी कुणाला सांगितलं नाही. घाटात तो कुठेच बसला नाही. तलावाच्या काठी मात्र ओंजळभर पाणी पिऊन जबडा धरून बसला, अगदी बापासारखा.

परत आल्यावर त्याने पाणी आईपुढे ठेवलं आणि खाली मान घालून उभा राहिला. ती घोट घोट प्यायली.

"ह्याला कसलाच वास नाय," ती म्हणाली. "साळूबायला सांगू नको."

रंगूबाई पुढे उठली, हिंडूफिरू लागली. मला मात्र तिने कधी धुतलं नाही. आजही पावणे आले की भागोजीची बायको खुंटीकडे बोट दाखवते : ही महाबळेश्वराला जाऊन आलेली, हुंगून बघा, तलावाचा वास अजून हाय. भागोजी तेवढ्यात गुरांना पाणी दाखवायला उठतो. मला तशीही सोय नाही.

म्हणून एवढंच मागणं. तुमच्यापैकी कुणी सवला न्हाऊन आलं असेल, तर आमच्या घरी अवश्य या, बसा, पाणी प्या. फक्त माझ्यापाशी फार वेळ थांबू नका.