सरूबाईचा अडकित्ता

चिमाजीची एक खोड सरूबाईला पहिल्यापासून खुपायची. मनातलं आपलं, आणि नाव आईचं. कुणी बैल मागायला आलं की, "आये नको म्हनती." कुणाच्या कार्याला जायचं नसलं की, "आयेनं अडवलं." शिवरे गावात सरूबाई खाष्ट म्हणून गाजली, त्यातली निम्मी कमाई लेकाची. घरात ती त्याला शिव्या घालायची, पण चारचौघांत खोटा पाडायची नाही. पोटचं पोर उघडं कसं करायचं?

तिला लिहिता येत नव्हतं. लांबच्या सोयऱ्यांना सांगावा धाडताना ती खूण म्हणून आपला पितळी अडकित्ता द्यायची. ज्याच्या हाती अडकित्ता, त्याच्या तोंडून सरूबाईच बोलते, हे वेल्ह्यापर्यंत ठाऊक होतं.

पानशेत फुटल्याच्या दुसऱ्या वर्षी तिच्या लेकीला, वेल्ह्याकडं दिलेल्या रतनला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरचं. घरात सूनही पोटुशी होती, तरी सरूबाईनं अडकित्ता देऊन चिमाजीला वेल्ह्याच्या डोंगरात बहिणीला आणायला धाडलं. तो एकटाच परतला. "सासू धाडत न्हाई म्हनती."

सरूबाईनं त्या सासूच्या सात पिढ्या उद्धरल्या, पण पुन्हा सांगावा धाडला नाही. दुसऱ्यांदा पदर पसरणारी ती बाई नव्हती.

भाद्रपदात निरोप आला, मूल पोटातच गेलं. सरूबाई एस्टीनं वेल्ह्याला उतरली, पुढं चिखल तुडवत वर गेली. रतन भिंतीकडं तोंड करून पडलेली. तिची सासू पाण्याचा तांब्या ठेवत म्हणाली, "पोर अडली तवा वढ्याला पूर. सुईन पल्याड. आमी तर बोचकं बांधून ठेवलं हुतं, ईहीनबाई. तुमीच नको म्हनलात."

"म्या?"

रतन वळली नाही. "दादानं अडकित्ता म्होरं ठिवला. म्हनला, आये म्हनती वैनीबी अवघडलेली हाय, दोघींचं करायला अंगात बळ न्हाई, तितंच ऱ्हा."

"चल माझ्यासंगं, बाय."

"आता कशाला? तवा एकदा इचारायला तरी आली असतीस, आये."

सरूबाई एकटीच परतली. चिमाजी अंगणात दावं वळत होता. सगळं ऐकून म्हणाला, "तूच म्हनतीस, हातपाय चालत न्हाईत. तुझ्या मनातलंच सांगितलं म्या. अन् अडकित्ता तूच दिला हुतास."

शेजारणी कुडापलीकडं थबकल्या. सरूबाईनं आवाज चढवला.

"दिला हुता, 'चल' म्हनायला! माझा शबुद नेला असतास तर तू माझं तोंड हुतास. आपला शबुद माझ्या तोंडी घातलास, मंग तू चोर. आता तिच्या दारात हुबा ऱ्हा, अन् सांग, 'नको' मी म्हनलो. त्ये सांगून येस्तवर ह्या घरात मला आये म्हनू नगंस."