नितेशचं गवत

नितेशने दोन वर्षं राबून जो गेमिंग कन्सोल बनवला, त्याचं नाव 'सह्याद्री'. दिंडोशीच्या त्यांच्या वन बीएचकेत तो चालू करायचा म्हणजे आधी एसी, मग फ्रिज, मग गीझर बंद करावा लागे, नाहीतर घरातली वीज जाई. नितेशला याचा भारी अभिमान. मशीनमध्ये ताकद आहे म्हणून वीज जाते, असं त्याचं म्हणणं.

गेम मात्र एकच, तोही त्यानेच केलेला. एक किल्ला, आणि किल्ल्यावर गवत. त्यातलं प्रत्येक पातं वेगळं हलायचं.

"मगे करूचा काय?" त्याच्या आईने, जानकीने, पहिल्यांदा पाहून विचारलं.

"फिरायचं."

"आणि?"

"गवत बघायचं."

"गवत बघूक एवढ्यो वायरी?" म्हणत ती कुकर लावायला गेली.

बायको श्रुतिकाही तेच सांगून थकली होती. "मशीन कितीही तगडं असू दे, लोक गेम बघून घेतात रे. बाहेरच्यांना करू दे ना." पण आपल्या मशीनवर परक्याचा गेम म्हणजे नितेशला घरचा गणपती शेजाऱ्याने बसवल्यासारखं वाटे.

तरी तिने माहुलच्या प्रितमला गाठलंच. प्रितम एका सोसायटीच्या ऑफिसात कारकून, आणि फावल्या वेळात त्याने 'वार्षिक सभा' नावाचा गेम केला होता. तिने तो कन्सोलच्या पहिल्या नमुन्यावर चढवून ठेवला. तो नमुना नितेशने फराळाच्या स्टीलच्या डब्यात बसवला होता, आणि आता त्याला त्या डब्याची लाज वाटे.

रविवारी दुपारी शरच्चंद्रकाका आले. बोरिवली, मुलुंड, घाटकोपर अशी त्यांची इलेक्ट्रॉनिक्सची तीन दुकानं. त्यांनी माल ठेवला नाही, तर नितेशला सोमवारपासून अंधेरीत जुन्या नोकरीवर प्रिंटर दुरुस्त करायला जायचं होतं. तिथल्या साहेबांनी जागा सोमवारपर्यंतच अडवून ठेवली होती.

एसी बंद, काका घामाघूम. तरी बिचाऱ्यांनी सात मिनिटं गवत पाहिलं.

"छान आहे. शत्रू कधी येतो?"

"शत्रू नाहीये, काका."

"मग कोण येतं?"

"वारा येतो," नितेश म्हणाला.

जानकीने टेबलफॅन काकांवरून काढून मशीनकडे वळवला, पण उशीर झाला होता. सह्याद्री घरघरला आणि त्याने मान टाकली. नितेशला खरंच रडू फुटायचं बाकी होतं.

श्रुतिकाने कुणाला न विचारता डबा जोडला. टीव्हीवर चौकोनी तोंडांचे, छातीवर फ्लॅटचे नंबर लावलेले सभासद आले. खेळणाऱ्याने सेक्रेटरी व्हायचं आणि वडे संपायच्या आत पार्किंगचा ठराव पास करून घ्यायचा. काका एकोणीस वर्षं खऱ्याखुऱ्या सोसायटीचे सेक्रेटरी. घाम पुसायचंही ते विसरले.

"हा तीनशेदोन दरवर्षी असाच आडवा येतो," ते दात खाऊन म्हणाले.

"तेका आधी वडो दी," जानकी मागून म्हणाली. "तोंड भरला की बोलूचो नाय."

काकांनी वडा दिला. ठराव पास झाला.

"हा डबा ठेवतो. तिन्ही दुकानांत," काका म्हणाले. "यावर आणखी किती गेम येतील?"

"जेवढे लोक करतील तेवढे," श्रुतिका म्हणाली.

"आणि सह्याद्री?" नितेशने विचारलं.

"तो थंड झाला की सांग," काका म्हणाले.

नोकरीवर जायचं टळलं, पण नितेश दोन दिवस तोंड पाडून बसला. अखेर प्रितमलाच त्याची दया आली. "दादा, गेममधल्या सोसायटीच्या बागेत तुमचं गवत घालू का? या डब्यात फार मावणार नाही मात्र."

नितेशने आठवडा घालून सतरा पाती बसवली. सतराही वेगवेगळी हलत होती. त्याने गेम चालू केला आणि सेक्रेटरीला थेट बागेत नेलं. तिथे प्रितमने पाटी लावून ठेवली होती: 'गवतावर चालू नये. हुकमावरून.'

नितेशने मुद्दाम पाय ठेवला. तक्रारीचा कागद नाचवत तीनशेदोन धावत आला.

"आई," नितेश सुखाने म्हणाला, "शत्रू आला गं."