बाईंची मेकअपची पेटी

मी एक जुनी मेकअपची पेटी आहे. सागवानी नाही की चंदनी नाही. नाटकाच्या सेटमधून उरलेल्या फळ्यांची. माझी एक बिजागरी गंजली आहे आणि झाकणातल्या आरशाचा पारा कडेने उडाला आहे. मित्रांनो, मी स्वतःविषयी फार बोलणार नाही. माझी कहाणी म्हणजे माझ्या मालकिणीची कहाणी. तिला सगळे ‘बाई’ म्हणत.

मला नाटक कंपनीच्या सुताराने घडवले. तो बाईंचा बाप. लेक पहिल्यांदा मोठ्या भूमिकेत उभी राहणार म्हणून त्याने मला रंधा मारून गुळगुळीत केले आणि तिच्या हाती दिले. “उसन्या पावडरीवर राणी होऊ नकोस पोरी,” तो म्हणाला. “स्वतःचं सामान ठेव.” त्या दिवसापासून मी तिच्याबरोबर गावोगाव फिरले. तेलाचा, पावडरीचा आणि मिशा चिकटवायच्या डिंकाचा वास माझ्या लाकडात मुरला, तो अजून गेला नाही.

त्या कंपनीत दिवे सांभाळणारा एक तरुण होता. बाई बोलू लागल्या की त्यांच्यावरचा झोत तो जरा जास्तच वेळ ठेवी. मॅनेजर कावून ओरडे, “अरे बाबा, बाकीचे नट काय अंधारात चाचपडणार?” सगळी कंपनी हसे. पुढे त्याच तरुणाशी बाईंचे लग्न झाले. लग्नानंतरही तो तिला थट्टेने बाईच म्हणे.

त्याला सिनेमा काढायचा ध्यास होता. पहिला सिनेमा त्याने मित्रांच्या खोल्यांत आणि गच्च्यांवर काढला. चेहरे रंगवायला माणूस नव्हता. बाई मला गुडघ्यावर घेऊन स्वतःच तयार होत. “बाई, तू आहेस म्हणून कॅमेऱ्याला काम आहे,” तो म्हणे. सिनेमा चालला. नंतरचे दोनही चालले. पोस्टरवर आधी बाईंचे नाव वर असे आणि त्याचे खाली. मग त्याचे वर गेले. तिचे कधी दिसेनासे झाले, ते बहुधा तिलाही नेमके सांगता आले नसते.

मुलगी झाली. “लेक लहान आहे, पुढच्या सिनेमात तूच,” तो म्हणाला. पुढचा आला, त्याच्या पुढचाही आला. मी कपाटावर जाऊन बसले. पाहुण्यांना तो आता सांगे, “ही माझी मिसेस.” बाई हसून चहा पुढे करत.

तरीही सुट्टीच्या सकाळी त्या मला खाली काढत, पुसत, सुकलेले रंग फेकून नवे भरत. मुलगी विचारी, “आई, कुठे निघालीस?”

“कुठे नाही गं. रंग वाळतात.”

बाईंची आई त्याच कंपनीत कपडे शिवायची. शिवता शिवता तिची नजर गेली, तरी ती बोटांनी चाचपून सुई ओवी आणि टाके घाली. बाईंनी तिच्या कितीतरी गोष्टी नवऱ्याला सांगितल्या होत्या. एक दिवस त्याने त्या गोष्टींची पटकथा लिहून जेवणाच्या टेबलावर वाचून दाखवली. बाई रडल्या, हसल्या, “आई असं नाही रे म्हणायची, असं म्हणायची,” असे सांगत राहिल्या. दुसऱ्या दिवशी मी खाली आले. घरात कोणी नसताना बाई डोळ्यांभोवती सुरकुत्या रेखत आणि भिंतीला हात लावत चालून बघत. मला वाटले, आता माझेही दिवस फिरले.

मग एका दुपारी तो घरी आला आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, “निर्मात्यांना नवा चेहरा हवाय.”

“आणि तुला?”

त्याने पाणी पिऊन घेतले. “सुरुवातीला ती तरुण आहे ना गं कथेत. वय दिसतं पडद्यावर.”

“दिसतं खरं,” बाई म्हणाल्या. त्यांनी माझे झाकण हलकेच लावले. आपटले असते तर बरे झाले असते.

सिनेमा नव्या मुलीला घेऊन झाला. काम तिने जीव तोडून केले, पण आवाज कोवळा. म्हातारपणाची वाक्ये तिला पेलेनात. तेव्हा तो पुन्हा बाईंपाशी आला. “फक्त आवाज देशील?”

“नाव?”

“आवाजाचं नाव कुठे देतात?”

बाई म्हणाल्या, “देते. तुझ्यासाठी नाही. माझ्या आईचं बोलणं आहे ते. कोणाच्या तोंडी वाकडं जायला नको.”

त्या मला स्टुडिओत घेऊन गेल्या. माइकसमोर उभे राहण्याआधी त्यांनी पूर्ण चेहरा रंगवला, सुरकुत्यांसकट. ध्वनिमुद्रण करणारा चक्रावला. “बाई, इथे कॅमेरा नाही हो.”

“ठाऊक आहे. कोऱ्या तोंडाने मला बोलताच येत नाही.”

शेवटच्या प्रसंगात आंधळी आई लेकीला म्हणते, “तू जा. मला उजेड लागत नाही.” बाईंनी ते वाक्य म्हटले आणि त्या माणसाने कानांवरचे यंत्र काढून डोळे पुसले. काचेपलीकडून नवऱ्याचा आवाज आला, “ओके. छान.” एवढेच.

त्या सिनेमाला बक्षिसे मिळाली. ती नवी मुलगी एकदा घरी आली. दारातच रडवेली होऊन म्हणाली, “ताई, लोक माझ्या आवाजाचं कौतुक करतात. मी काय सांगू त्यांना?”

बाईंनी तिला आत घेतले, बसवले. “थँक्यू म्हणायचं,” त्या म्हणाल्या. “तुझा काय दोष त्यात?”

त्यानंतर बाईंनी मला उघडले नाही. माझ्यातले रंग दगड झाले. काही वर्षांनी बाई छोट्याशा आजाराने गेल्या. वर्तमानपत्रात छापून आले, ‘ख्यातनाम दिग्दर्शकांना पत्नीशोक’.

बाईंचे ते तीन सिनेमे आता कुठेच नाहीत. गोदामातल्या ओलीने फिती चिकटून गेल्या. कोणी वेळेवर बघितलेच नाही. उरला तो एकच सिनेमा, आणि त्यात बाईंचा चेहरा नाही.

बाईंच्या मुलीने मला दिवाणखान्यात आणून ठेवले, म्हणून पुढचे मला दिसले. परवा संध्याकाळी टीव्हीवर तोच सिनेमा लागला होता. म्हातारा दिग्दर्शक समोर बसला होता, डोळे घट्ट मिटून. आंधळ्या आईचे बोलणे सुरू झाले.

मुलीने विचारले, “बाबा, झोपलात का?”

“नाही गं,” तो म्हणाला. “बाईंना बघतोय.”

मित्रांनो, मला पॉलिश करू नका, माझी बिजागरीही बदलू नका. तुमच्या घरात एखादी आई, मावशी, काकू पूर्वी गात असेल, नाचत असेल, नाटकात उभी राहत असेल. तिच्याजवळ जाऊन बसा आणि म्हणा, “एकदा करून दाखव ना.” आणि ती करू लागली की डोळे उघडे ठेवून बघा.